चाकणला भरलेली ओटी आणि एक फ्रेंच बाई

रविवार, १८ जानेवारी २०२६, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. स्थळ: चिंचवडमधलं एक सभागृह, डावीकडची तिसरी भिंत. या ठिकाणी, या वेळी, कोणतीही पूर्वसूचना न देता मला फ्रेंच करण्यात आलं.

त्याआधी चौऱ्याऐंशी वर्षं मी खडकीची होते.

तुमच्या समितीने आपल्या परिसराच्या जुन्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. नातीने हौसेने नेलं. कांद्याच्या बैलगाड्या पाहिल्या, आकुर्डीचं मोकळं माळरान पाहिलं आणि तिसऱ्या भिंतीवर स्वतःला पाहिलं. शाळेच्या ओसरीवर मी उभी आहे. कमरेभोवती जाळीचा गोल, आडवा पसरलेला झगा आणि त्यावर नारळ. शेजारी माझी आत्या, डावीकडे काठाशी अर्धवट दिसणारी एक म्हातारी. खाली छापलं होतं: ‘नारळाची कसरत करून दाखवणारी फ्रेंच नर्तकी (बहुधा पॅरिसच्या उपनगरातील) व तिची मोलकरीण. चाकण, १९५०चे दशक.’

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक कार्यकर्ता तिथे होता. नम्र होता, त्यामुळे जास्तच राग आला.

“ही फ्रेंच कशावरून?” मी विचारलं.

“ड्रेसवरून काकू. त्याला टुटू म्हणतात. फ्रेंच शब्द आहे.”

“तुझ्या अंगात शर्ट आहे. तू लंडनचा का?”

“नाही, मी मारुंजीचा.”

“आणि मोलकरीण कशावरून?”

तो फोटोजवळ गेला, वाकून पाहिलं. “त्या जरा मागून नारळाला हात लावतायत ना. साधं लुगडं आहे. कपाळाला काही नाही. म्हणून मग आम्ही...”

“ती माझी आत्या आहे. आणि ही मी.”

“अरे वा. काही पुरावा आहे का काकू?”

“पुरावा तुझ्या भिंतीवर टांगलाय.”

त्यावर त्याने मला अभिप्रायाचा कागद दिला. त्यात दोन ओळींची जागा होती. हीच चित्रं आणि याच ओळी घेऊन मार्चमध्ये पुस्तिका छापायला जाणार आहे, हेही त्याने अभिमानाने सांगितलं. म्हणजे भिंतीवरची चूक उतरवता येते, तसं आता राहणार नाही. ती घरोघरी जाणार.

मी निवृत्त होईपर्यंत एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात होते. आधी तारीख आणि वेळ, मग घटना, मग मागणी, हा क्रम माझ्या हाडात मुरलेला आहे. घटना सत्तावन्न सालची असल्याने जरा लांबेल. मात्र ती प्रवासाची आहे. कोणाला खडकीहून चाकणला जायचं असेल तर त्यालाही उपयोग होईल, एवढी काळजी मी घेतली आहे.

खडकी ते पिंपरी

माझी शाळा कॅम्पातली, सिस्टरांची. शनिवारी दुपारी मिस डोरीन नावाच्या एक अँग्लो-इंडियन बाई एका गॅरेजमध्ये आम्हाला बॅले शिकवत. वडिलांनी परवानगी का दिली, हे मला कधीच कळलं नाही. बहुधा त्यांना तो कवायतीचा प्रकार वाटला असावा. वडील लष्कराच्या हिशेबखात्यात होते आणि कवायतीबद्दल त्यांना आदर होता.

त्या फेब्रुवारीत पिंपरीच्या एका नव्या कारखान्याच्या वसाहतीतून बोलावणं आलं. तिथे परदेशी इंजिनियर राहत, त्यांच्या बायकांचं एक मंडळ होतं आणि त्यांना शनिवारी सकाळी थोडा बॅले पाहायचा होता. आम्ही दोघी नाचणार होतो. दुसरीला गालगुंड झालं. राहिले मी.

वडिलांनी विचार करायला दोन दिवस घेतले आणि म्हणाले, “एकदा. मॅट्रिकनंतर हे बंद, तेव्हा एकदा नाचून घे. यमू सोबत जाईल. काही वेडंवाकडं झालं तर जबाबदारी तिची.”

यमू म्हणजे माझी यमुनाआत्या, वडिलांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती आमच्याकडे आली. आमच्या घरात तिला खोली नव्हती, स्वयंपाकघराच्या दाराशी एक जागा होती. घर चालायचं तिच्या हातांनी आणि ती राहायची वडिलांच्या मर्जीने. त्यामुळे ‘जबाबदारी तिची’ या दोन शब्दांचा अर्थ आम्हा दोघींनाही नीट कळला होता. मला आयुष्यात एकदा लोकांसमोर नाचायला मिळणार होतं आणि ते सुरळीत पार पाडायचं काम आत्याच्या गळ्यात होतं.

मिस डोरीन ग्रामोफोन घेऊन पहाटेच पिंपरीला गेल्या. त्यांचा निरोप होता की तिथे कपडे बदलायला जागा नाही, घरूनच तयार होऊन या. म्हणून मी टुटू घालूनच निघाले. हा टुटू मिसने मच्छरदाणीच्या कापडाचा शिवला होता आणि भाताच्या पेजेची खळ घालून इतका कडक केला होता की तो बसल्यावर वर उठायचा आणि उभं राहिल्यावर दारात अडकायचा. त्यावरून वडिलांचा खाकी रेनकोट. खडकी स्टेशनवर बायकांच्या डब्यात चढले तेव्हा समोरच्या भाजीवाल्या बाईने माझ्याकडे मायेने पाहिलं आणि आत्याला विचारलं, “कितवा म्हैना?”

“मच्छरदाणी आहे,” आत्या म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दापोडी गेल्यावर ती बाई पुन्हा म्हणाली, “पोटाशी मच्छरदानी कशापायी?”

“तिकडे डास फार आहेत.”

आजच्या वाचकांसाठी सांगते: खडकीहून पिंपरीला आजही लोकलसारखी सोय नाही, तिकीटही किरकोळ. टुटू नसेल तर बसायला जागा मिळते.

पिंपरी स्टेशन

वसाहतीची गाडी न्यायला येणार होती. स्टेशनबाहेर एक जीप उभी होतीच. बाबूराव नावाचा ड्रायव्हर, खाकी कपडे, कानावर विडी. त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “बॅलेट?”

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीच्या कानाला हे सहन होणं शक्यच नव्हतं. मी म्हणाले, “बॅले. टी सायलेंट असतो.”

“सायलेंट?”

“म्हणजे गुप्त.”

बाबूराव एकदम सावरून उभा राहिला. “व्हय, व्हय. सायबांनी सांगितलंय. गुप्तच असतंय ते. बसा ताई.”

माझा उच्चार बरोबर होता, हे मी आजही बजावून सांगते. पण त्या आठवड्यात निवडणूक तोंडावर आली होती आणि मत कसं टाकायचं याचं प्रात्यक्षिक दाखवायला कचेरीची माणसं गावोगाव फिरत होती. त्यांना सगळे ‘बॅलेट पार्टी’ म्हणत. त्यातलेच एक गृहस्थ आमच्याच आगगाडीने येणार होते आणि बाबूरावला त्यांना चाकणला पोचवायचं होतं. वसाहतीची मोटार स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला उभी होती. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

आत्याने तेवढ्यात शंका काढली होती. “काय गं गुप्त आहे?” तिने कानात विचारलं.

“टी,” मी म्हणाले.

“चहा तरी उघड पाजा म्हणावं.”

भोसरी, मोशी आणि एक नदी

भोसरीपर्यंत मी निश्चिंत होते. मिसने शिकवलेले हात मनातल्या मनात करत होते. भोसरीत बाबूरावने जीपला पाणी पाजलं आणि आम्हाला चहा. आज तुम्ही नाशिक फाट्यावरून पुलावर चढता आणि भोसरी पायाखालून कधी गेली ते कळत नाही. तेव्हा भोसरी लागायची, थांबवायची आणि तुमची विचारपूस करायची. पुढे रस्ता खडीचा. दोन्हीकडे ज्वारीची ताटं आणि कांद्याची हिरवी रानं. जीपला दारं नव्हती. टुटूत वारा शिरून तो मला उचलू पाहत होता आणि आत्याने रेनकोटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

मोशीच्या पुढे मी विचारलं, “वसाहत केव्हा येणार?”

“वस्ती व्हय? येतीय की. इंद्रायणी वलांडली की आलंच.”

माझ्या शाळेने माझ्याकडून थेम्सच्या उपनद्या पाठ करून घेतल्या होत्या. इंद्रायणी पिंपरीच्या कोणत्या अंगाला आहे, हे अभ्यासक्रमात नव्हतं. आत्याला मात्र ते पक्कं माहीत होतं. ती नंतर म्हणाली, “मला वाटलं, तुम्हा शिकलेल्यांचा जवळचा रस्ता असेल.”

नदी ओलांडली आणि आलं ते चाकण.

आज या रस्त्याने जाणाऱ्यांना एकच सल्ला. सकाळी कंपन्यांच्या बस आणि कंटेनर सुटायच्या आत निघा, नाहीतर तळेगाव चौकात तुमचं अर्धं प्रवासवर्णन उभ्या उभ्या लिहून होईल. आम्हाला त्या दिवशी बैलगाड्यांनी अडवलं. बाजाराचा दिवस होता आणि कांद्याची पोती लादलेल्या गाड्या वेशीपासून किल्ल्याच्या तटापर्यंत लागल्या होत्या. बाबूराव हॉर्न वाजवत, “सरका, बॅलेट आलंय,” असं ओरडत आम्हाला थेट शाळेच्या अंगणात घेऊन गेला.

पेटी

अंगणात पन्नासेक बायका बसल्या होत्या. कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या बोटांना कांद्याच्या रानाची माती. ओसरीवर टेबल मांडलं होतं आणि शाळेचे हेडमास्तर, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत होते, धोतराचा सोगा सावरत पुढे आले. त्यांनी आत्याला नमस्कार केला, माझ्या रेनकोटला नमस्कार केला आणि जीपच्या मागे डोकावले.

“पेटी कुठंय?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, बाजाची पेटी. मी म्हणाले, “आम्हाला पेटी लागत नाही.”

“लागत नाही?”

“मिस म्हणतात पेटीवर हे होतच नाही. ग्रामोफोन लागतो. तो पिंपरीला आहे.”

गुरुजींचा चेहरा पडला. “बाई, मी या बायकांना महिनाभर सांगतोय, पेटीत टाका, पेटीत टाका. आता पेटीच नाही म्हणता, तर ह्यांनी टाकायचं कुठं?”

“काय टाकायचं?”

“मत.”

त्या क्षणी अंगणात काही न कळलेली मी एकटीच नव्हते. आत्याला सगळ्यात आधी उमगलं. तिने बाबूरावला विचारलं, बाबूरावने गुरुजींना, आणि मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं, जणू टी मीच लपवला होता.

पिंपरीचा नाच हातचा गेला होता. बाबूरावला तसंच परत जाऊन तो पेटीवाला माणूस आणायचा होता आणि त्याच जीपने आम्ही घाईने गेलो असतो तरी तिकडच्या मडमा दुपारच्या जेवणाला उठून गेल्या असत्या. मी रडले नाही. शाळेत रडायची सवय मोडलेली होती. पण मी रेनकोटचा पट्टा पुन्हा घट्ट बांधायला घेतला, हे आत्याने पाहिलं.

गुरुजींची अडचण वेगळी होती. “बाजार सोडून आल्यात ह्या,” ते हळू आवाजात म्हणाले. “आता रिकाम्या हाती उठल्या, तर मतदानाच्या दिवशी एक येणार नाही. म्हणतील, गुरुजी नुसतं बसवून ठेवतात. तुम्ही शिकलेल्या दिसता. जीप येईपर्यंत काहीतरी बोला.”

मला मतपेटीबद्दल काडीची माहिती नव्हती. मला मत द्यायचं वयही नव्हतं.

आत्याने मला ओसरीच्या खांबाआड ओढलं. “किती वेळ लागतो तुझ्या त्या नाचाला?”

“पाच मिनिटं.”

“दोनदा कर.”

“आत्या, इथे? बाबा पिंपरी म्हणाले होते.”

“बाबा ‘एकदा’ म्हणाले होते. आज नाही झालं, तर तो तुला दुसऱ्यांदा सोडणार आहे का?”

“आणि तू? तुझी जबाबदारी आहे.”

“तेच म्हणते मी,” आत्या म्हणाली. “माझी आहे ना? मग मी ठरवते.”

तिने गुरुजींना अटी घातल्या. सगळ्या पुरुषांनी बाजारात जावं. गुरुजींनी अंगणाच्या दाराकडे तोंड करून उभं राहावं. प्रात्यक्षिकाचा फोटो काढायला बोलावलेला एक छायाचित्रकार तिपाईवर कॅमेरा लावून बसला होता, त्याचं काय करायचं, असा प्रश्न आला. तो काळ्या कापडाखालून म्हणाला, “मला सगळं उलटंच दिसतं बाई.” त्याला राहू दिलं.

शेणाच्या जमिनीवर

मी रेनकोट काढला. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “कमरंला ताट बांधलंय.”

बॅलेसाठी जागा शोधत असाल तर माझा अनुभव नोंदवून ठेवा: शेणाने सारवलेली ओसरी उत्तम. गुळगुळीत लाकडावर पाय घसरू नये म्हणून मिस आम्हाला राळेची पूड तळव्यांना चोळायला लावत. इथे तशी गरज पडली नाही. सॅटीनचे गुलाबी बूट मात्र पहिल्या फेरीतच हिरवट झाले.

संगीत नव्हतं. मी हात वर केले आणि मनात आकडे मोजू लागले, तेवढ्यात खांबाजवळून धून ऐकू आली. आत्या गुणगुणत होती. महिनोन्‌महिने मागच्या अंगणात मी तोंडाने म्हणत सराव करायचे, तो सगळा हिने भाकऱ्या थापताना पाठ केला होता. जिथे मी श्वास घ्यायला थांबायचे, तिथे तीही थांबत होती.

मी चवड्यांवर चढले. पहिल्या रांगेतली एक तरुण बाई कळवळून म्हणाली, “काटा मोडलाय व्हय गं पायात?”

“गप गं,” म्हातारी म्हणाली. “टाचा जपतीय ती.”

“टाचा जपून चाललीय कुठं?”

“आधी ती थांबू दे, मग इचार.”

पाच मिनिटांत मी संपवलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवायची पद्धत तिथे नव्हती आणि मला ती पद्धत नसल्याचं माहीत नव्हतं, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. मग ती तरुण बाई म्हणाली, “पुन्ना कर. मगाशी मी पायच बघत बसले, हात ऱ्हायले बघायचे.”

मी पुन्हा केलं. त्यानंतर आयुष्यात मी अनेक सभागृहांत अनेक लोकांना टाळ्या वाजवताना पाहिलं. यापेक्षा बरी दाद मला ऐकायला मिळालेली नाही.

वटी

ती म्हातारी म्हणजे गावच्या पाटलांची आई, बयोबाई. ती उठली आणि गुरुजींच्या बायकोला म्हणाली, “घरात नारळ हाय का? पोर पैल्यांदा गावात आली. रिकामी कशी धाडायची?”

“लगीन झालंय का पर तिचं?” कोणीतरी विचारलं.

“न्हाई झालं तर लेकीची भरू. आन् नारळ.”

नारळ आला, खण आला, पसाभर गहू आले. बयोबाईने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओंजळ पुढे करून ती थबकली. ओटी पदरात भरतात. मला पदर नव्हता. मला काय होतं, ते तिच्यासमोर आडवं पसरलेलं होतं.

“आता गं?” ती म्हणाली.

“त्या ताटातच घाला की आत्तीबाई,” तरुण बाई म्हणाली.

म्हणून टुटूवर ओटी भरली. आधी खण, त्यावर गहू, त्यावर नारळ. एका बाईने वर एक कांदा ठेवला आणि बयोबाईने तो उचलून तिच्या हातात परत दिला. “वटीत कांदा घालत्यात व्हय?”

“चाकनला येऊन कांदा न्हाई न्यायचा?”

“मग तिच्या हातात दे.”

खळ कितीही कडक असली तरी ती मच्छरदाणी होती. नारळाच्या वजनाने टुटू पुढून वाकायला लागला. माझ्या एका हातात कांदा, दुसरा हात मागे, कारण तिकडचा भाग वर उचलला जात होता. नारळ घरंगळायला लागला. आत्या तीन पावलांवर होती. ओटी सुरू झाली तशी ती मागे सरकली होती. कोणी सांगितलं नव्हतं. अशा वेळी मागे सरकायचं हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. विधवेने ओटीच्या जवळ यायचं नसतं.

बयोबाईने तिच्याकडे पाहिलं. चांगलं दोन क्षण पाहिलं. “अवं, धरा की तुमी. पडतोय नारळ.”

मागून कोणीतरी पुटपुटलं, “बयोबाई, त्यांच्या कपाळाला...”

“तुजे हात मोकळे हायत का? न्हाईत ना? मग गप ऱ्हा.”

आत्या पुढे आली आणि तिने नारळावर हात ठेवला. छायाचित्रकार कापडाखालून म्हणाला, “हलू नका.” आम्ही हललो नाही.

समिती सदस्यहो, ही तुमची कसरत.

परत

दुपारी जीप त्या पेटीवाल्या गृहस्थाला घेऊन आली. ते पिंपरीहून प्रसन्न मनाने आले होते. त्यांना वसाहतीच्या मोटारीने उचललं होतं आणि थेट मडमांच्या मंडळात नेऊन उभं केलं होतं. तेव्हा दर उमेदवाराची वेगळी पेटी असे, म्हणून पुढे सात पेट्या कल्पून त्यांनी एकेका पेटीत कागद कसा टाकायचा ते करून दाखवलं. मिस डोरीननी मागे ग्रामोफोन लावला होता, कारण मडमा ताटकळल्या होत्या. संध्याकाळी मिस मला पिंपरीच्या फलाटावर भेटल्या तेव्हा रागावलेल्या नव्हत्या. “त्याचे हात चांगले होते,” त्या म्हणाल्या. “मडमांना फार आवडलं. भारतातला आधुनिक नाच असा असतो का, असं विचारत होत्या.” पुढच्या वर्षी मिस ऑस्ट्रेलियाला निघून गेल्या.

परतताना आत्या जीपमध्ये माझ्या शेजारी बसली. नारळ तिच्या मांडीवर होता. नदीवर आल्यावर तिने विचारलं, “त्या बाईने माझं कपाळ पाहिलं नसेल का गं?”

“पाहिलं,” मी म्हणाले. “तुझ्याकडे बघूनच म्हणाली.”

तिने नारळ पदराखाली घेतला आणि भोसरीपर्यंत तसाच धरून ठेवला.

घरी वडील वर्तमानपत्र वाचत होते. “कसं झालं?” त्यांनी विचारलं. आत्या खोटं बोलू शकली असती. पिंपरीत कोण विचारायला जाणार होतं. ती म्हणाली, “चाकणला नाचली. बायकांनी ओटी भरली. नारळ मी धरला होता.”

वडिलांनी पान उलटलं. ते ओरडणारे नव्हते. माझा क्लास त्याच आठवड्यात बंद झाला, मॅट्रिकची वाट न पाहता. आणि आत्याला माझ्यासोबत पुन्हा कधीही, कुठेही पाठवलं नाही. दोन वर्षांनी माझ्या लग्नात पाच जणींनी माझी ओटी भरली. आत्या स्वयंपाकघरात होती. मी तिला बोलवायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मी बोलावलं होतं. ती म्हणाली, “माझं झालंय भरून.”

तिला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आमच्या घरात लग्नांचे, मुंजींचे, सहलींचे फोटो ढिगाने आहेत. त्यातल्या एकातही ती नाही, कारण फोटो काढायच्या वेळी ती नेहमी आत काहीतरी करत असायची. छायाचित्रकाराने प्रत पाठवतो म्हटलं होतं, ती आली नाही. म्हणजे तुमच्या तिसऱ्या भिंतीवर जो आहे, तो तिचा एकमेव फोटो. आणि त्यात ती जे करते आहे, ते तिने एकदाच केलं.

मला फ्रेंच म्हटलंत याचं मला खरं तर फारसं वाईट वाटलेलं नाही. माझा उच्चार तसा चांगला होता. पण तिला मोलकरीण म्हणू नका.

मागणी अशी. छायाचित्राखालच्या ओळी काढून पुढील ओळी, जशाच्या तशा, भिंतीवर आणि पुस्तिकेत छापाव्यात: ‘चाकणच्या शाळेत ओटी भरताना. डावीकडून: ओटी भरणाऱ्या बयोबाई, प्रमिला गुप्ते, खडकी (हिने त्या दिवशी दोनदा नाच केला), आणि नारळ धरलेली तिची आत्या, यमुना गुप्ते.’ गुप्ते हे आत्याचं सासरचं नाव नव्हे, हे मला ठाऊक आहे. सासरच्यांनी आपलं नाव परत घेतलं होतं, म्हणून आमचंच लिहावं.

‘नावांची खात्री नसल्यास अनोळखी असं लिहू,’ असं तुमचा तो मारुंजीचा कार्यकर्ता निघताना म्हणाला. तसं लिहू नये. मी तिघींनाही ओळखते आणि ओळखणारी मी शेवटची आहे.

लेखी उत्तर शनिवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मिळावं. फोन करू नये.